येलोस्टोनचं तळं का कलंडलं?

१९७३ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातले भूभौतिकशास्त्रज्ञ बॉब स्मिथ येलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या तळ्याच्या दक्षिण भागात पील नावाच्या चिमुकल्या बेटावर काम करत होते. परिसर ओळखीचा होता, कारण तरुणपणी १९५६ सालीही ते येलोस्टोनमध्ये कामाला होते. या खेपेला मात्र होड्या लावायचा धक्का त्यांना पाण्याखाली गेलेला दिसला. काठावरच्या झाडांच्या बुंध्यांना पाणी लागलं होतं आणि काही झाडं उभ्या उभ्या मरत होती.

पाऊस जास्त झाला किंवा बर्फ जास्त वितळलं म्हणावं, तर तळं चहूबाजूंनी सारखंच भरायला हवं. इथे दक्षिणेकडचाच काठ बुडत होता. पाणी भरलेली परात एका अंगाने बोटभर उचलून बघा. समोरच्या काठाशी पाणी सांडायला येतं, पण परातीतलं पाणी काही वाढलेलं नसतं. म्हणजे तळ्याची उत्तर बाजू खालून कोणीतरी उचलत होतं.

किती उचललं, हे कळायला एक जुना हिशोब कामी आला. १९२३ साली सर्वेक्षण करणाऱ्यांनी पार्कातल्या रस्त्यांच्या कडेला धातूच्या खुणा ठोकून त्यांची उंची नोंदवून ठेवली होती. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्याच खुणा पुन्हा मोजल्या. पार्काच्या मधल्या भागातली जमीन अर्ध्या शतकात जास्तीत जास्त ७० सेंटिमीटरच्या आसपास वर आली होती. दोन फुटांच्या वर, आणि तीही एखाद्या शेतातली नव्हे, मैलोन् मैल पसरलेली. पुढे १९८५ च्या सुमारास ती खाली बसायला लागली. २००४ पासून काही वर्षं पुन्हा वर आली, एका टप्प्यात तर वर्षाला सुमारे ७ सेंटिमीटर या वेगाने, आणि मग परत ओसरली. झोपलेल्या माणसाची छाती वरखाली व्हावी तसं हे चाललेलं असतं.

ही छाती कोणाची, हे समजून घ्यायचं तर आधी एक सवय सोडावी लागते. ज्वालामुखी म्हटलं की आपल्याला शाळेच्या पुस्तकातलं चित्र आठवतं. त्रिकोणी डोंगर, वर तोंड, तोंडातून धूर. येलोस्टोनमध्ये असा डोंगर शोधत फिरलात तर सापडणार नाही. दरवर्षी चाळीस लाखांहून जास्त माणसं तिथे जातात, त्यात अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबं असतात आणि मुलाकडे सहा महिन्यांसाठी गेलेले आई-बाबाही असतात. ओल्ड फेथफुल या उसळत्या गरम झऱ्यासमोर फोटो काढून झाल्यावर ‘तो ज्वालामुखी कुठेशी आहे?’ असं विचारणारे बरेच जण भेटतात. उत्तर असं की तुम्ही त्याच्या आतच उभे आहात.

येलोस्टोन हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. १ मार्च १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी त्याच्या कायद्यावर सही केली. वायोमिंग, माँटाना आणि आयडाहो या तीन राज्यांत मिळून ते सुमारे ९ हजार चौरस किलोमीटर पसरलंय. आदल्याच वर्षी फर्डिनंड हेडन यांच्या तुकडीने हा प्रदेश पाहिला, तेव्हा इथे कधीकाळी ज्वालामुखी धगधगत होते हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पण ते थंडावले, आता उरलीय ती ऊब, असाच समज पुढची बरीच वर्षं टिकून राहिला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी भूसर्वेक्षण खात्याचे बॉब क्रिस्टियान्सेन आणि त्यांचे सहकारी इथला खडक न् खडक तपासत नकाशा करू लागले. पार्काच्या आत आणि बाहेर दूरवर त्यांना एकाच जातीच्या खडकाचे जाड थर मिळत गेले. हा खडक म्हणजे राख. जमिनीवर पडतानाही ती इतकी तापलेली होती की कण एकमेकांत वितळून चिकटले आणि त्यांचा दगड झाला. असले थर नळीतून लाव्हा गळून होत नाहीत. त्यासाठी जमीन फुटावी लागते.

ती तीनदा फुटली होती. साधारण २० लाख ८० हजार वर्षांपूर्वी, मग १३ लाख वर्षांपूर्वी आणि शेवटी सुमारे ६ लाख ४० हजार वर्षांपूर्वी. पहिल्या स्फोटात जवळपास २,४५० घन किलोमीटर माल बाहेर पडला. घन किलोमीटर या मापाने डोळ्यांपुढे काही येत नाही, म्हणून असं समजा की तो सगळा माल महाराष्ट्रावर सारखा पसरला, तर गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत आठ मीटर जाडीचा थर होईल. दुमजली घरं गाडली जातील. तिसऱ्या स्फोटाचा थर तीन मीटरहून थोडा जास्त भरेल. मधला स्फोट त्या मानाने लहान, २८० घन किलोमीटरचा. ‘लहान’ हा शब्द जपून घ्यायचा. १९८० साली वॉशिंग्टन राज्यातला सेंट हेलेन्स फुटला आणि ५७ माणसं गेली, तेव्हा बाहेर पडलेला माल एक घन किलोमीटरच्या आसपास होता.

ज्या स्फोटात एक हजार घन किलोमीटर किंवा जास्त माल बाहेर येतो, त्याला मोजपट्टीवर सर्वांत वरचा, म्हणजे ८ हा आकडा मिळतो. असा स्फोट ज्याने कधीतरी केलाय तो महाज्वालामुखी. येलोस्टोनवर काम करणाऱ्या बऱ्याच शास्त्रज्ञांना हा शब्द आवडत नाही. त्यांचं म्हणणं मला पटतं. त्या शब्दामुळे येलोस्टोनला एवढंच येतं असा समज होतो. तिसऱ्या महास्फोटानंतर इथे डझनांनी उद्रेक झाले आणि त्यातल्या बहुतेकांत नुसता लाव्हा वाहिला. सगळ्यांत अलीकडचा ७० हजार वर्षांपूर्वीचा.

स्फोटानंतर डोंगर उरला नाही, त्याचं कारण आपल्याकडच्या पेवात सापडतं. जुन्या काळी धान्य साठवायला जमिनीत खोल खड्डा खणून तोंड लिंपून टाकायचे, ते पेव. सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीची पेवं होती. आता कल्पना करा की पेव भरलेलं आहे, वर माती आहे, मातीवर गवत आहे, आणि आतला माल काही तासांत किंवा दिवसांत कोणी उपसून टाकला. वरच्या छताला आधार तो कशाचा? ते खचून आत बसतं. येलोस्टोनचं छत असंच बसलं आणि ७० किलोमीटर लांब, ४५ किलोमीटर रुंद असा लंबगोल खळगा झाला. अख्खी बृहन्मुंबई त्यात चार वेळा मावेल. अशा खळग्याला भूशास्त्रात ‘काल्डेरा’ म्हणतात. हा मूळचा स्पॅनिश शब्द, अर्थ मोठं कढवण्याचं भांडं. गुऱ्हाळावरची काहीलच म्हणा ना.

पण आज तिथे उभं राहून काहीलही दिसत नाही. पुढच्या लाखो वर्षांत वाहिलेल्या घट्ट लाव्हाने ती बरीचशी भरून काढली, हिमनद्यांनी कडा घासल्या, वर पाइनचं जंगल उगवलं. तळ्याचा उत्तर भाग काहिलीच्या आत येतो आणि दक्षिणेकडचे फाटे बाहेर राहतात. म्हणून तर परात नेमकी तशी कलली. तळ्याच्या पश्चिमेला ‘वेस्ट थंब’ नावाचा गोल फुगवटा आहे, तो सुमारे पावणेदोन लाख वर्षांपूर्वीच्या वेगळ्या, लहान स्फोटाचा खळगा. काहिलीत वाटी.

इथे मराठी वाचकाच्या मनात एक शंका यायला हवी. आपला सगळा सह्याद्री ज्वालामुखीचाच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जो लाव्हा वाहिला त्याने व्यापलेली जमीन आजही पाच लाख चौरस किलोमीटर भरते, आणि एकूण मालाच्या हिशोबात येलोस्टोन त्याच्यापुढे पोर आहे. मग सह्याद्रीत थरावर थर रचलेले आणि येलोस्टोनला मात्र धडाका, हे कसं?

फरक रसाच्या घट्टपणात आहे. पिठलं ढवळताना मनगटावर चटका बसला नाही असं स्वयंपाकघर नसेल. आमटी उकळते तेव्हा वाफ बुडबुड्यांतून सहज निघून जाते आणि आमटी शांतपणे खदखदत राहते. पिठलं घट्ट असतं. वाफेचा बुडबुडा वर यायला बघतो, येऊ शकत नाही, फुगतो आणि फट्कन फुटून पिठल्याचा गोळा उडवतो. जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात, म्हणजे शिलारसात, पाण्याची वाफ आणि इतर वायू विरघळलेले असतात. दख्खनचा बेसाल्ट पातळ. त्यात सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास. वायू सुटत गेले आणि लाव्हा भेगांमधून बाहेर येऊन दूरवर पसरला. येलोस्टोनच्या महास्फोटांचा रस ऱ्हायोलाइट जातीचा, सिलिका ७० टक्क्यांच्या वर, पिठल्याहून कितीतरी घट्ट. दाब एकदम उतरला की आतले वायू सगळीकडे एकाच वेळी फुगतात आणि रसाच्या चिंध्या करून त्याला आकाशात फेकतात. या चिंध्या म्हणजेच राख. तरी एक नोंदून ठेवायला हवं. इथला ऱ्हायोलाइटही वायू आधीच निघून गेले असतील तर निमूट वाहतो. ७० हजार वर्षांपूर्वी तो तसाच वाहिला.

उष्णता येते कुठून? शिलाई मशीन डोळ्यांपुढे आणा. सुई जागच्या जागी वरखाली होते, कापड सरकतं आणि टाक्यांची रांग पडते. पृथ्वीच्या पोटातून वर येणारा तापलेल्या खडकाचा झोत ही सुई, आणि उत्तर अमेरिकेचा भूपट्ट हे कापड. ते वर्षाला दोन-चार सेंटिमीटर नैर्ऋत्येकडे सरकतं. टाके आजही दिसतात. नेवाडा आणि ओरेगनच्या सीमेवर साधारण १ कोटी ६५ लाख वर्षांपूर्वीचा खळगा, मग आयडाहोतल्या स्नेक नदीच्या सपाट खोऱ्यात एकाहून एक अलीकडचे, आणि शेवटी येलोस्टोन. सुई नेमकी किती खोलवरून येते यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत. आपल्याकडची सुई आता हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटाखाली आहे. भारत तिच्यावरून सरकत उत्तरेला आला, टाके लक्षद्वीप-मालदीवच्या समुद्राखालच्या रांगेत राहिले आणि रीयुनियनवरचा ज्वालामुखी अजून उफाळतो.

आता सगळ्यांत गैरसमजाचा भाग. यूट्यूबवरच्या चित्रफितींत येलोस्टोनच्या खाली लालभडक रसाचा तलाव हिंदकळताना दाखवतात. असा तलाव तिथे नाही.

हे कसं कळलं तेही सांगायला हवं. येलोस्टोनमध्ये वर्षाला दीड ते अडीच हजार भूकंप होतात, बहुतेक इतके बारीक की यंत्रांशिवाय कोणाला पत्ता लागत नाही. प्रत्येक भूकंपाच्या लाटा जमिनीतून प्रवास करतात. थंड, टणक खडकातून त्या झपाट्याने जातात, तापलेल्या आणि अर्धवट वितळलेल्या खडकात रेंगाळतात. कुठल्या यंत्रावर लाट किती उशिरा पोचली याचे हजारो आकडे एकत्र केले की आतलं चित्र तयार होतं. सोनोग्राफीच, फक्त पेशंट स्वतःच आवाज करतो.

त्या चित्रात शिलारसाच्या दोन कोठ्या दिसतात. वरची पाच किलोमीटरपासून सतरा किलोमीटर खोलीपर्यंत. तिच्याखाली २० ते ५० किलोमीटरच्या पट्ट्यात दुसरी, वरचीपेक्षा साडेचार पट मोठी. ही खालची कोठी २०१५ साली पहिल्यांदा स्पष्ट दिसली आणि लगेच बातम्यांचे मथळे झाले, जणू ती आदल्या आठवड्यात तयार झाली होती. आकाराने या कोठ्या अवाढव्य आहेत हे खरंच. पण त्यांतला बहुतेक भाग घन आहे. वरच्या कोठीतला वितळलेला वाटा २०२२ च्या अभ्यासाप्रमाणे १६ ते २० टक्के. बर्फाचा गोळा आठवा. किसलेला बर्फ दाबून बसवलेला असतो आणि सरबत त्याच्या फटींतून मुरलेलं असतं. गोळा उलटा धरला तरी सरबत भसकन ओघळत नाही. बर्फ निम्म्याच्या जवळपास वितळला की मग मात्र हातात काही राहत नाही. शिलारसाचंही तसंच. मोठा उद्रेक व्हायला साधारण ३५ ते ५० टक्के रस लागतो असं मानतात. शिवाय २०२५ साली आलेल्या अभ्यासात हा रस एका जागी साठलेला नसून वेगवेगळ्या कप्प्यांत विखुरलेला दिसला, आणि खालून नवी उष्णता मुख्यतः ईशान्येकडच्या कप्प्याला मिळतेय. टाके पुढे सरकतायत त्याच दिशेला.

मग जमीन वरखाली का होते? बहुतेक वेळा त्यामागे रसातून सुटलेले वायू आणि खारट गरम पाणी असतं. ते वरच्या खडकाखाली अडकलं की जमीन फुगते, फटी मिळाल्या की ओसरते. तळ्याच्या काठावर जुन्या पाणपातळीच्या पायऱ्या कोरलेल्या दिसतात. हे वरखाली होणं गेली हजारो वर्षं चाललंय आणि त्या काळात एकदाही लाव्हा बाहेर आलेला नाही.

जे रोज बाहेर येतं ते पाणी. आपल्या न्हाणीघरात जो ‘गीझर’ असतो त्याचं नाव आइसलँडमधल्या गेसिर या उसळत्या झऱ्यावरून इंग्रजीमार्गे आलंय, आणि जगातले निम्मे खरे गीझर, पाचशेहून जास्त, या एका पार्कात आहेत. कोकणात उन्हाळी, म्हणजे गरम पाण्याचे झरे, आहेत, राजापूरला, उन्हवऱ्याला, तुरळला. वज्रेश्वरीला कुंडं आहेत. ते पाणी खोल भेगांत उतरून पृथ्वीच्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि वर येतं. खाली शिलारस नाही आणि पाणी उसळतही नाही. उसळायला अडथळा लागतो. येलोस्टोनमध्ये झऱ्यांच्या नळ्या वाकड्यातिकड्या, मध्येच चिंचोळ्या, आणि पाण्यातून साचलेल्या सिलिकेने आतून सारवलेल्या असतात. कुकरमधलं पाणी दाबामुळे शंभर अंशांवर गेलं तरी उकळत नाही, तसंच नळीच्या तळाशी वरच्या पाण्याच्या वजनाखाली पाणी उकळीच्या पुढे तापत राहतं. थोडं पाणी वरून सांडलं की दाब उतरतो, तळचं पाणी एका क्षणात वाफ होतं आणि सगळा स्तंभ हवेत. ओल्ड फेथफुल साधारण दर दीड तासाने ३० ते ५५ मीटर उडतो. पुढची वेळ फळ्यावर लिहिलेली असते आणि लोक आइस्क्रीम घेऊन बाकांवर जागा धरून बसतात.

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर्षा-दोन वर्षांनी एक निरोप येतोच. ‘येलोस्टोनचा स्फोट होण्याची वेळ कधीच उलटून गेली आहे.’ हिशोब करून बघू. पहिल्या दोन स्फोटांमध्ये ७ लाख ८० हजार वर्षं, पुढच्या दोहोंत ६ लाख ६० हजार. सरासरी ७ लाख २० हजार. शेवटचा स्फोट ६ लाख ४० हजार वर्षांपूर्वीचा. म्हणजे निरोपातलंच गणित धरलं तरी अजून ८० हजार वर्षं शिल्लक आहेत. मुळात दोन अंतरांची सरासरी काढून त्याला नियम म्हणणं हेच चूक. ज्वालामुखी म्हणजे एसटी नव्हे, साडेसातची आठपर्यंत आली नाही म्हणून ‘लेट’ म्हणायला. रस पुरेसा साठला आणि दाब वाढला तर तो फुटतो, नाही तर थंड होत जातो. भूसर्वेक्षण खात्याच्या नावाने वर्षाला ७ लाख ३० हजारांत एक अशी जी शक्यता फिरते, तीही याच सरासरीतून आलेली. तिच्यावर फार विसंबू नये.

२०१४ च्या वसंतात रानगव्यांचा कळप रस्त्यावरून धावत सुटल्याची चित्रफीत अशीच फिरली. त्याच सुमाराला, ३० मार्चला, ४.८ तीव्रतेचा भूकंप झाला होता आणि ‘जनावरांना आधी कळतं’ या समजुतीने पुढचं काम केलं. गवे पार्काच्या आतल्या दिशेला पळत होते, म्हणजे पळायचंच असेल तर चुकीच्या बाजूला.

तरीही ‘झालंच तर काय?’ हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही, आणि त्याचं सगळ्यांत चांगलं उत्तर, मला वाटतं, अमेरिकेतल्याच नेब्रास्का राज्यात सापडलेल्या गेंड्यांकडे आहे. १९७१ साली मायकेल व्हूरहिस या जीवाश्मतज्ज्ञाला ओढ्याच्या कडेला पिल्लू गेंड्याची कवटी डोकावताना दिसली. खणत गेल्यावर अख्खा कळप निघाला. पिंपासारखं अंग, आखूड पाय, माद्या आणि त्यांच्याजवळ पिल्लं. साधारण १ कोटी २० लाख वर्षांपूर्वी आयडाहोत याच सुईचा एक जुना टाका पडला होता आणि राख दीड हजार किलोमीटरवर येऊन इथल्या पाणवठ्यावर साचली. थरांचा क्रम बघण्यासारखा आहे. सगळ्यांत तळाशी पक्षी आणि कासवं, त्यांच्यावर घोडे आणि उंट, वरच्या थरात गेंडे. जेवढी छाती मोठी तेवढे दिवस जास्त. कारण ही राख चुलीतली नव्हे. चुलीतली राख मऊ असते, तिने आपण भांडी घासतो. ज्वालामुखीची राख म्हणजे काचेचे कण. ते गवताबरोबर पोटात आणि श्वासाबरोबर फुप्फुसांत जातात. गेंड्यांच्या हाडांवर फुप्फुसांच्या दुखण्याने होणारी वाढ दिसते. ते लाव्हाने जळून मेले नाहीत, दिवसेंदिवस खोकत मेले.

आजच्या अमेरिकेबद्दलचे अंदाजही याच वाटेने जातात. पार्काच्या जवळच्या गावांवर मीटरभराहून जास्त राख, देशाच्या मधल्या भागातल्या शेतांवर काही सेंटिमीटर, दोन्ही किनाऱ्यांवर मिलिमीटरांत. मिलिमीटर ऐकून हायसं वाटायला नको. विमानं उतरवायला आणि जलशुद्धीकरणाच्या गाळण्या तुंबवायला तेवढी पुरते. भिजली की वजन वाढून छपरं बसतात. आणि गंधकाचे वायू वरच्या हवेत पोचले की ऊन अडतं. १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबोने जेमतेम दहा घन किलोमीटर माल फेकला तरी जगाचं तापमान काही काळ अर्ध्या अंशाच्या आसपास उतरलं होतं.

दूरच्या महाज्वालामुखीची राख पाहायला नेब्रास्कापर्यंत जायचीही गरज नाही. पुणे जिल्ह्यात जुन्नरच्या बाजूला कुकडी नदीच्या काठी बोरी नावाचं गाव आहे. तिथल्या काठाच्या मातीत पांढरट राखेचा थर मिळाला आणि त्याच्याबरोबर अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं. ही राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची मानतात. तीन हजार किलोमीटरवरून बंगालचा उपसागर ओलांडून आलेली. टोबाचा सगळ्यांत मोठा स्फोट ७४ हजार वर्षांपूर्वीचा. बोरीची राख त्याची की टोबाच्याच आणखी जुन्या एखाद्या स्फोटाची, यावर अभ्यासक वर्षानुवर्षं भांडतायत, कारण त्यावर त्या हत्यारांचं वय ठरतं.

येलोस्टोनमध्ये जे खरोखर घडतं त्याची मात्र बातमी लहान होते. १७ ऑगस्ट १९५९ च्या मध्यरात्रीच्या सुमारास पार्काच्या पश्चिमेला ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला, मॅडिसन नदीच्या घळईत डोंगराची कड कोसळली आणि एकूण २८ माणसं गेली. ढिगाऱ्यामागे पाणी तुंबून नवं तळं झालं, ते अजून आहे. २३ जुलै २०२४ च्या सकाळी बिस्किट बेसिनमध्ये ब्लॅक डायमंड कुंडाच्या तळाशी पाण्याची वाफ होऊन दगड-चिखलाचा काळा फवारा उडाला. पर्यटक पळाले, लाकडी वाटेचे कठडे मोडले, कोणाला इजा झाली नाही. शिलारसाचा यात काही संबंध नव्हता. असे वाफेचे स्फोट दर एक-दोन वर्षांनी कुठेतरी होतात, बहुतेक कोणी बघत नसताना.

आणि कुंडांत पडून भाजल्याने आजवर विसाहून जास्त माणसं दगावली आहेत. कुंडाभोवतीची पांढरी जमीन टणक दिसते, ती पापडासारखी असते. म्हणून फळ्यांच्या वाटेवरून पाय खाली ठेवायचा नाही. टोपी उडाली तर जाऊ द्यावी, पार्काचे कर्मचारी लांब काठ्यांनी त्या काढत फिरतात.

याच कुंडांतून एक गोष्ट आपल्या घराघरांत येऊन गेली आहे. १९६६ साली थॉमस ब्रॉक यांना ‘मशरूम स्प्रिंग’ नावाच्या झऱ्यात ७० अंशांच्या आसपास खुशाल जगणारा जिवाणू मिळाला. त्याचं नाव थर्मस अक्वाटिकस. त्याच्यातलं एक विकर कढत पाण्यात नासत नाही, म्हणून डीएनएच्या प्रती काढताना ते पुन्हा पुन्हा तापवता येतं. प्रती काढायचं हे पीसीआर तंत्र त्यावर उभं राहिलं आणि ते शोधणाऱ्या कॅरी मलिस यांना १९९३ चं नोबेल मिळालं. २०२० मध्ये नाकात काडी घालून आपण ज्या आरटी-पीसीआरच्या रिपोर्टची वाट बघत बसायचो, त्यातही बहुधा याच विकराचा एखादा भाऊबंद राबत होता.

कुंडांचे रंग असल्याच जिवाणूंचे. मधलं निळं पाणी त्यांनाही सोसत नाही इतकं गरम असतं. कडेकडेने जसं निवत जातं तशी पिवळी, मग केशरी कडी उमटतात. मॉर्निंग ग्लोरी नावाचं कुंड त्याच नावाच्या निळ्या फुलावरून ओळखलं जायचं, इतकं ते काठापर्यंत निळं होतं. लोक त्यात नाणी टाकत. गोदावरीच्या पुलावरून आगगाडीतून नाणं टाकणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. १९५० साली कर्मचाऱ्यांनी पाण्याची पातळी उतरवून कुंडाला ओकायला लावलं, तेव्हा नुसत्या एकेक सेंटच्या नाण्यांचेच ८६ डॉलर २७ सेंट निघाले. शिवाय रुमाल, मोजे, टॉवेल. तरी तळाचं भोक पूर्ण मोकळं झालं नाही. गरम पाणी कमी येतं, कुंड निवलंय, आणि पिवळं-केशरी कडं दरवर्षी थोडं थोडं करत निळ्याच्या आत शिरलंय.